न वटलेली शिवी

शिवी आणि चेक यांच्यात फारसा फरक नाही, असं वीस वर्षं कौंटरवर काढल्यानंतर माझं ठाम मत झालं आहे. दोन्हींना देणारा लागतो, घेणारा लागतो आणि सही लागते. शिवीची सही आवाजात असते, एवढंच. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळली पाहिजे हा नियमही दोन्हीकडे सारखाच. तोंडाने 'गाढवा' म्हटलं आणि डोळ्यांत हसू असलं, तर रक्कम जुळत नाही. तशी शिवी कोणी खात्यात जमा करून घेत नाही. बी.कॉम.ला आम्हाला हुंडी, वचनचिठ्ठी आणि चेक या तिघांचा कायदा शिकवला. पण देशात रोज सर्वांत जास्त वटणारा कागद जो, म्हणजे शिवी, तिच्यावर एक धडाही नव्हता. त्यामुळे 'घेणाऱ्याने घेतली नाही तर शिवीचं काय होतं?' हा साधा प्रश्न मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पडला. आणि तोही पडला तो कुठल्या शिव्यांवरून? तर व्हिएतनामी!

त्याचं असं झालं. आमच्या शेजारचे काका-काकू व्हिएतनामची सहल करून आले. पूर्वी लोक महाबळेश्वरला जात तसे हल्ली हनोईला जातात. येताना त्यांनी कॉफी आणली आणि प्रवाशांसाठी असतं तसं एक संभाषणाचं चोपडं आणलं. कॉफी त्यांनी ठेवून घेतली आणि चोपडं मला दिलं. त्यात 'नमस्कार', 'आभारी आहे', 'केवढ्याला?' आणि 'फार महाग आहे' ही वाक्यं होती. 'फार महाग आहे'च्या पुढचं वाक्य मात्र नव्हतं. माणसाला परभाषेची खरी गरज तिथून पुढेच लागते! तेव्हा ते पुढचं वाक्य मी आपलं आपण शोधायला लागलो, आणि सापडलं ते पाहून थक्क झालो. शिव्या झणझणीत होत्या म्हणून नव्हे. त्या बाबतीत आपणही कुणाला हार जाणारे नाही. थक्क झालो ते त्यातली नाती पाहून.

व्हिएतनामी भाषेत 'मी' आणि 'तू' यांच्यासाठी सरसकट कुठेही चालेल असा शब्दच जवळजवळ नाही. 'तोय' म्हणून एक 'मी' आहे, पण तो आपल्या 'निम्नस्वाक्षरीकारा'सारखा. घरात वापरला तर मंडळी दचकतील. एरवी बोलायचं ते नात्याने. समोरचा आपल्यापेक्षा थोडा मोठा असेल तर तो 'आन्ह', म्हणजे दादा. बाई असेल तर 'ची', म्हणजे ताई. आणि आपण स्वतः 'एम', म्हणजे धाकटं भावंड. समोर म्हातारबुवा असतील तर ते 'ओंग', आजोबा. म्हातारी असेल तर ती 'बा', आजी. आणि आपण 'चाउ', नातवंड. 'मला एक चहा द्या' असं टपरीवाल्या बाईला सांगायचं, तर 'ताई, धाकट्याला एक चहा द्या' असं सांगायचं. पहिल्या भेटीत वय विचारणं तिथे आगाऊपणाचं समजत नाहीत, कारण वय कळल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. नवराबायकोसुद्धा एकमेकांशी 'आन्ह' आणि 'एम' म्हणूनच बोलतात. आपल्याकडे कोणी बायकोशी 'दादा' आणि 'धाकटी' अशा भाषेत बोलू लागला, तर घरात काय होईल ते सांगायला नको.

आता अशा भाषेत शिवी कशी द्यायची? अगदी सोपं आहे. नातं काढून घ्यायचं! नात्याचे सगळे शब्द बाजूला ठेवून समोरच्याला 'मै' म्हणायचं आणि स्वतःला 'ताव'. ताव म्हणजे 'मी'. आपल्याकडे माणसाला ताव येतो, तिकडे माणूस स्वतःच ताव होतो. हे दोन शब्द अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसापुढे उच्चारले, की पुढे वेगळी शिवी नाही दिली तरी चालतं; काम झालेलं असतं. पण गंमत अशी, की हीच 'मै-ताव'ची जोडी लंगोटीयार एकमेकांशी बोलताना खुशाल वापरतात. म्हणजे तोच चेक, तीच रक्कम. एका खात्यात जमा आणि दुसऱ्यात नावे.

भांडण आणखी वाढलं तर काढून घेतलेलं नातं परत येतं, पण भलत्याच जागी. भांडणारा स्वतःला 'ओंग मै' म्हणवतो, म्हणजे 'तुझा आजोबा'. किंवा 'बो मै', म्हणजे 'तुझा बाप'. 'तुझा बाप सांगतोय, चालता हो!' यातला बाप म्हणजे खुद्द बोलणारा. बायका याच पद्धतीने 'बा' होतात, आजी. आपण समोरच्याचा बाप काढतो. ते लोक स्वतःच बाप होतात. तिसऱ्या माणसाला मध्ये ओढायचा खर्च वाचतो. पण यातून एक गोष्ट माझ्या हिशेबी डोक्यात बसली. तिथल्या माणसाला संतापातसुद्धा समोरच्याशी काहीतरी नातं लावल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

शिव्यांच्या बाकीच्या मालात अर्थातच आई आहे. जगातल्या बहुतेक भाषांनी या बाईला न विचारता जामीनदार करून ठेवलं आहे. कर्ज मुलाने घ्यायचं, भांडण त्याने करायचं, आणि वसुली आईकडून! व्हिएतनामी भाषेतली नित्याची शिवी आईवरूनच आहे. ती इतकी नित्याची, की लिहिताना तिची नुसती दोन आद्याक्षरं लिहितात आणि सगळ्यांना कळतं. 'बो मे' म्हणजे शब्दशः 'आई टाकून'; पण बोलताना त्याचा अर्थ होतो 'अतोनात'. बाजारात आई-टाकून गर्दी होती, असं म्हणतात. बाजारात गर्दी झाली यात त्या माउलीचा काय दोष, हे विचारायला कोणी थांबत नाही.

आईच्या मागे पूर्वज. तिथे घरोघर पूर्वजांचं देवघर असतं, उदबत्ती लागते, पुण्यतिथीला घरचे जमतात, आणि चांद्र नववर्षाच्या सणाला, 'तेत'ला, गेलेल्यांना घरी बोलावतात. तेव्हा वाडवडिलांना शिवी देणं म्हणजे मेलेल्या माणसांना नव्हे, घरात बसलेल्या माणसांना शिवी देणं. तीन पिढ्यांचा उद्धार ही मध्यम रक्कम. माणूस जास्त चिडला तर अठरा पिढ्यांपर्यंत जातो. अठरा पिढ्यांची थकबाकी एका वाक्यात वसूल करणारं खातं आमच्याकडे अजून निघालेलं नाही. 'तिएन सु' म्हणजे आद्यगुरू. ही एक खास शिवी आहे! आणि 'मत जाय' (यातला 'ज' जाडजूडमधला) म्हणजे 'शिकवण हरवलेला'. ऐकायला किती सौम्य! पण ती फार झोंबते, कारण ती मुलाला लागून थांबत नाही. ज्यांनी शिकवायचं त्या आईबापांपर्यंत जाते. आणि घरातल्या घरात तोंड सोडणाऱ्यांची सोय जुन्या कायद्याने करून ठेवली होती. पंधराव्या शतकात ले राजघराण्याच्या कायद्यात दहा महापातकांची यादी होती. आईवडील, आजी-आजोबा यांना शिव्याशाप देणं त्यातल्या मातृपितृद्रोहाच्या सदरात मोडे. म्हणजे आद्यगुरू काढायचाच, तर तो शेजाऱ्याचा काढावा.

त्यात भाषा सुरांची. 'मा' हे एकच अक्षर सहा सुरांत म्हटलं की त्याचे भूत, पण, गाल, थडगं, घोडा आणि भाताचं रोप असे सहा अर्थ होतात. आणि त्यातला गालाचा सूर दक्षिणेत आईलाही चालतो. देवनागरीत सहाही 'मा'च. तेव्हा कोणा मराठी माणसाने हौसेने तिथे शिवी देऊ नये. चिडून द्यायला जावं आणि समोरच्याने भाताची रोपं आणून द्यावीत, असं व्हायचं. जनावरं आहेतच. मूर्खाला 'कुत्र्याचा मेंदू' म्हणतात. मात्र अक्रोडाचं नावही तेच आहे, त्यामुळे ही शिवी सुक्यामेव्याच्या दुकानात किलोवर मिळते.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडलेला प्रकार म्हणजे 'चुई मत गा'. कोंबडी हरवल्याची शिवीगाळ! उत्तर व्हिएतनामच्या खेड्यांतला हा जुना प्रकार. घरची कोंबडी चोरीला गेली, की घरधनीण अंगणात उभी राहून शिव्या द्यायला लागते. कोणाला? नाव माहीत नाही. ज्याने नेली असेल त्याला. लय धरून, एकावर एक रचत, चोराच्या वाडवडिलांपासून होणाऱ्या नातवंडांपर्यंत. माझ्या घरी जी कोंबडी होती, ती तुझ्या घरात घुबड होईल, पिशाच्च होईल, अशा चालीवर. बँकेच्या भाषेत हा शुद्ध बेअरर चेक. नाव नाही, क्रॉस केलेला नाही. ज्याच्या हाती कोंबडी त्याने वटवून घ्यावा.

सुशिक्षित माणसाला हे ऐकून हसू येतं. पण जरा त्या बाईच्या जागी उभं राहून बघावं. तिचं भांडवल म्हणजे ती कोंबडी. तक्रार नोंदवायला कुठे जाणार? गेली तर कोंबडीपेक्षा जाण्याचा खर्च जास्त. तिच्याजवळ गळा आहे आणि शेजारी आहेत. चोर गावातलाच आहे आणि ऐकतो आहे, या भरवशावर सगळी शिवीगाळ उभी असते. तिला वाटतं, माझ्या शिवीने त्याचा घास घशात अडकेल. म्हणजे तिच्या मते चोराला अजून लाज आहे. आपण ज्याला अठरा पिढ्यांच्या शिव्या देतो, त्याच्याबद्दल इतकं चांगलं मत बाळगणारी माणसं मी तरी फार पाहिलेली नाहीत.

प्रेमातही शिवी असतेच. जुन्या काळी तिथल्या खेड्यांत तान्ह्या मुलांना मुद्दाम ओंगळ नावं ठेवत. चारचौघांत उच्चारू नयेत असे अवयव घेऊन ठेवत. नाव चांगलं ठेवलं तर भुताखेतांची नजर जाईल आणि मूल उचलून नेतील, ही भीती. आपल्याकडचे धोंडू, दगडू आणि केरोबा याच कारखान्यातून निघाले. ज्याला जपायचं त्यालाच वाईट म्हणायचं! तात्पर्य काय, तर शिवीवरून समोरचा आपला की परका ते कळत नाही, पण तो कोणीतरी आहे एवढं नक्की कळतं. शिवी द्यायची तर आधी माणूस मोजावा लागतो.

आणि मोजलाच नाही तर?

या प्रश्नाचं उत्तर नाम काव नावाच्या व्हिएतनामी लेखकाने १९४१ साली एका दीर्घकथेत देऊन ठेवलं आहे. त्याने तिला 'जुनी वीटभट्टी' असं नाव दिलं होतं. प्रकाशकाने ते बदलून 'अनुरूप जोडी' अशा अर्थाचं केलं. (प्रकाशक सगळीकडे सारखेच.) पुढे १९४६ मध्ये ती 'ची फेओ' या नायकाच्या नावाने छापली गेली आणि त्याच नावाने तिथली शाळकरी मुलं आजही ती अभ्यासतात.

कथेची सुरुवातच शिवीगाळीने होते. ची फेओ दारू पिऊन शिव्या देत चालला आहे. आधी आकाशाला देतो. आकाश काही एकट्याचं नाही, तेव्हा ते घेत नाही. मग आयुष्याला देतो. आयुष्य म्हणजे सगळे आणि कोणीच नाही. तेही घेत नाही. मग सबंध वू दाय गावाला देतो. आता आली का पंचाईत! पण गावातला प्रत्येक जण मनात म्हणतो, 'मला सोडून बाकीच्यांना देत असेल', आणि गप्प बसतो. (आमच्या हेड ऑफिसचं परिपत्रक आम्ही असंच वाचतो.) मग जो मला उलट शिवी देत नाही त्याला शिवी, असं तो ओरडतो. तरी सगळं सामसूम. शेवटी ज्या आईने आपल्याला जन्म दिला तिला शिवी देतो. पण ती कोण हे त्यालाही ठाऊक नाही आणि गावालाही. हा सापडला तो एका ओसाड वीटभट्टीत. त्याला प्रतिसाद देतात ती फक्त कुत्री. भुंकून.

या माणसाला असं केलं कोणी? बा कियेन नावाच्या गावच्या बड्या जमीनदाराने. ची फेओ त्याच्याकडे गडी होता. मालकाने मत्सरापोटी त्याला तुरुंगात धाडला. काही वर्षांनी परत आला तो चेहऱ्यावर व्रण, पोटात दारू आणि हातात बाटली घेऊन. मालकाच्या दारात त्याने शिव्यांचा सडा घातला, स्वतःचंच तोंड फाडून घेतलं. आणि मालकाने काय केलं? एक शिवी दिली नाही! 'आन्ह' म्हणाला. दादा! हाताला धरून उठवलं, कोंबडी कापली, दारू पाजली, वर पैसे दिले आणि पुढे आयुष्यभर आपल्या वसुलीच्या मारामारीला वापरला. गोड शब्दांचा हा चेक अगदी नियमानुसार होता. सही बरोबर, तारीख बरोबर. फक्त खात्यात पैसे नव्हते.

त्याला एकदाच कोणीतरी माणूस म्हणून काही देतं. थी नो नावाची, गावाने कुरूप म्हणून बाजूला टाकलेली बाई त्याला आजारात कांद्याची पेज करून देते. वाटीभर गरम पेज! आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणीतरी आपण होऊन काही दिलेलं असतं. त्याला वाटतं, आपणही चार लोकांसारखं जगावं. पण बाईची आत्या आडवी येते, बाई त्याला झिडकारते, आणि तो तडक बा कियेनच्या घरी जातो. भला माणूस व्हायचं आहे म्हणतो. पण होऊ कोण देणार, असंही विचारतो. मग मालकाला मारतो आणि स्वतःलाही संपवतो. आणि यावर कडी पाहा: आज व्हिएतनाममध्ये दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला 'ची फेओ' म्हणतात. ज्याच्या एकाही शिवीला उत्तर मिळालं नाही, त्याचीच शेवटी शिवी झाली.

इथे कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, गावाने बरोबरच केलं. शिवी घेऊ नये, हे खुद्द बुद्धाने सांगितलं आहे. ती गोष्ट आपल्यालाही माहीत आहे आणि बुद्धाला मानणाऱ्या व्हिएतनामी मंडळींनाही माहीत असणार. राजगृहाला भारद्वाज कुळातला एक ब्राह्मण संतापून बुद्धाकडे आला आणि वाटेल ते बोलला. बुद्धाने विचारलं, तुझ्याकडे पाहुणे येतात का? त्यांना जेवण वाढतोस का? त्यांनी ते घेतलं नाही तर ते कोणाचं? 'माझंच,' ब्राह्मण म्हणाला. मग तुझ्या शिव्याही मी घेतल्या नाहीत, त्या तुझ्याच राहिल्या. न वटता परत! आमच्या क्लिअरिंग खात्याला याहून सुबक नियम करता आला नसता.

पण मी ही गोष्ट जेव्हा वू दाय गावाशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा एक फरक दिसला. बुद्ध गप्प नव्हता. तो त्या माणसाशी बोलला. तुझ्याकडे पाहुणे येतात का, जेवायला काय करतोस, अशी घरगुती चौकशी केली. शिवी घेतली नाही, पण शिवी देणारा ठेवून घेतला. तो ब्राह्मण पुढे भिक्षू झाला, अर्हत झाला. वू दायने शिवी घेतली नाही, आणि माणूसही घेतला नाही. वरून पाहणाऱ्याला दोन्ही मौनं सारखीच दिसतात. एकाला आपण क्षमा म्हणतो आणि दुसऱ्यालाही क्षमाच म्हणून खपवतो.

याचा अर्थ शिव्या द्याव्यात असा नाही. दुसऱ्याचा गंभीर अपमान करणं व्हिएतनामच्या २०१५ च्या दंडसंहितेतही गुन्हा आहे, कलम १५५. आणि कायदा नसता तरी त्या जामीनदार आईची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी. शिवी कितीही मनापासून दिलेली असो, भरते ती तीच. पण सभ्य माणसाला आपण शिवी देत नाही याचा जो एक गारेगार अभिमान असतो, तो मला हल्ली खटकायला लागला आहे. बा कियेनने कधी आवाज चढवून ची फेओचं वाटोळं केलं नाही, आणि गावकऱ्यांनी तर तोंडच उघडलं नाही. त्या सगळ्या गावात चांगल्या भाषेचे गुण द्यायचे झाले, तर ची फेओ नापास होईल आणि बाकी सगळे पहिल्या वर्गात येतील.

कौंटरवर आरडाओरडा करणारे गिऱ्हाईक रोज येतं. त्यातल्या निम्म्यांचं पासबुकाविषयी काही म्हणणं नसतं. पेन्शन वेळेवर जमा झालेली असते, व्याज बरोबर असतं. घरी मुलगा बोलत नाही, सून ऐकत नाही, डॉक्टर दोन मिनिटांत घालवतो. मग ते इथे येऊन बँकेचा उद्धार करतात, कारण इथे निदान काचेमागे एक माणूस बसलेला असतो आणि त्याला नोकरीमुळे उठून जाता येत नाही. ही कोंबडी हरवल्याचीच शिवीगाळ. कोंबडी आमच्याकडे नसते, पण ऐकणारा आमच्याकडे असतो.

परत आलेल्या चेकबरोबर बँक एक चिठ्ठी जोडते, आणि त्या चिठ्ठीवर फार जुन्या काळापासून एक शेरा चालत आलेला आहे: 'काढणाऱ्याकडे चौकशी करावी.' आम्ही तो हजारो वेळा मारतो. त्याचा खरा अर्थ एवढाच, की खात्यात शिल्लक नाही. पण तसं स्पष्ट लिहून माणसाची अब्रू काढायची नाही. मला वाटतं, शिवीला याहून चांगला शेरा नाही. शिवी परत करावी, जरूर परत करावी. मात्र हाच शेरा मारून. आणि तो मारल्यावर, बँकेत कधीच करत नाहीत ती गोष्ट करावी: खरोखरच चौकशी करावी.